तळहातावरील घट्टे : निगा आणि शुश्रूषा

(आरोग्य व शारीरिक शिक्षण. इयत्ता ५ वी ते ७ वी. अध्यापनाचा अवधी : दोन तासिका)

प्रास्ताविक

बदनापूर हे छत्रपती संभाजीनगर व जालना या दोन शहरांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेले तालुक्याचे गाव होय. येथील कृषि संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते, आणि भोवतालच्या काळ्या जमिनीत तूर, कापूस, सोयाबीन इत्यादी पिके घेतली जातात. अशा प्रदेशातील मुलांस घट्टा म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. विळा, खुरपे, कुऱ्हाड, फावडे, हापशाचा दांडा आणि विहिरीवरील पोहऱ्याचा दोर यांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर उमटवलेली खूण ती नित्य पाहत असतात.

शाळेच्या मैदानात आडवा बार, दोराचा मल्लखांब किंवा झाडांच्या मध्ये बसवलेली नळी असेल, तर तेथे लोंबकळणाऱ्या मुलांच्या हातांवरही काही आठवड्यांत तशीच खूण उमटते. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या थोरल्या भावास बारवर ओढ घेताना पाहून धाकटी मुलेही तसे करू लागतात. मग एखाद्या दिवशी घट्टा फाटतो व हाताचे सालटे निघते. जखम रुपयाएवढीही नसते. परंतु मुलगा ती भूषण मानून तरी मिरवितो, किंवा बारवर चढू देणार नाहीत या भीतीने मूठ मिटून लपवितो. सायंकाळी त्याच हाताने तो गोठ्यातील शेण काढतो. येथपासून ही लहानशी जखम लहान राहत नाही. यास्तव शिक्षकांनी हा विषय एकवार नीट शिकवावा आणि पुढे वर्षभर त्याकडे लक्ष ठेवावे.

पाठाचा हेतू

(१) घट्टा कसा बनतो व तो का फाटतो, याचे कारण विद्यार्थ्यांस कळावे.
(२) फाटलेल्या घट्ट्याची प्रथम शुश्रूषा त्यांना स्वतः करता यावी.
(३) हाताची जखम तत्काळ सांगण्याची सवय त्यांच्या अंगी बाणावी.

१. घट्टा म्हणजे काय?

त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा तो बाह्यत्वचा आणि खालचा तो अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात, हळूहळू वर सरकतात, मरतात व कठीण होऊन पृष्ठभागावर येतात. शेवटी झिजून गळून पडतात. नखे व केस ज्या केराटिन नावाच्या द्रव्याचे बनतात, तेच द्रव्य या मृत पेशींत भरलेले असते. रक्तवाहिन्या अंतस्त्वचेत असतात, बाह्यत्वचेत नसतात. म्हणून वरवरचे कातडे निघाले तर रक्त येत नाही. रक्त आले म्हणजे जखम खालच्या थरापर्यंत पोचली, असे समजावे.

तळहात व तळपाय यांची बाह्यत्वचा शरीराच्या इतर भागांहून कितीतरी जाड असते. तेथे घर्मग्रंथी पुष्कळ असतात, परंतु केस नसतात आणि तैलग्रंथीही नसतात. त्यामुळे तळहात घामाने भिजतो, पण त्याला स्वतःचे तेल मिळत नाही.

एकाच जागी पुनःपुन्हा दाब व घर्षण होऊ लागले, की तळाच्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि पृष्ठभागावर मृत पेशींचे थर साचतात. हाच घट्टा होय. तो रोग नव्हे. खालच्या कोवळ्या त्वचेचे रक्षण करण्यासाठी शरीराने केलेली ती तरतूद आहे. घर्षण थांबले की तो आपोआप झिजून नाहीसा होतो. दीर्घ रजेनंतर बारवर येणाऱ्या मुलाचे हात पुन्हा मऊ झालेले असतात, ते यामुळेच.

येथे दोन गोष्टींचा भेद मुलांस दाखवावा. पायाच्या बोटांवर होणाऱ्या कुरुपाच्या मध्यभागी कठीण खिळा असतो व दाबल्यास तो दुखतो. चामखीळ विषाणूमुळे होते व तीत पुष्कळदा बारीक काळे ठिपके दिसतात. चामखिळीला घट्टा समजून घासल्यास ती पसरते. म्हणून शंका आल्यास घासू नये, दवाखान्यात दाखवावे.

२. घट्टा का फाटतो?

मुले म्हणतात, हात मऊ म्हणून फाटला. अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो. मऊ हातावर प्रथम पाण्याचा फोड येतो. फाटतो तो बहुधा जाड, उंच वाढलेला घट्टा. याचे कारण असे. निरोगी त्वचा ताणली जाते व पुन्हा पूर्ववत होते. घट्टा मात्र वाळलेल्या चामड्यासारखा ताठ असतो. लोंबकळताना शरीराचा भार त्वचेला एका बाजूस ओढतो. भोवतालची त्वचा ताणली जाते, घट्टा ताणला जात नाही. सगळा ताण दोहोंच्या सीमेवर येतो आणि तेथेच चीर पडते. उंच घट्ट्याची कड बारवर अडकते, त्यामुळे हे आणखी लवकर घडते.

दुसरे कारण पकडीचे. पुष्कळ मुले बार तळहाताच्या मध्यावर घेऊन मूठ मिटतात. अंग सोडताच हात खाली ओढला जातो व बार बोटांच्या मुळाकडे सरकतो. सरकताना तो त्वचेची वळी पुढे ढकलतो, आणि ती वळी बार व बोटांचे मूळ यांत चिमटली जाते. मधल्या व अनामिकेच्या मुळाशीच घट्टे अधिक का दिसतात, याचे उत्तर येथे आहे.

तिसरे कारण घाम. थोड्या वेळ भिजलेली त्वचा फुगते व दुबळी होते. पाण्यात काम केल्यानंतर बोटांवर सुरकुत्या पडतात, त्या वेळी बारवर चढल्यास हात लवकर सोलतो.

३. मल्लखांबाचा दाखला

घर्षणाचा विचार महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेत जुनाच आहे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी केले. निजामाच्या दरबारातून आलेल्या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यासाठी त्यांनी ही विद्या साधली, अशी परंपरा सांगते. लाकडी मल्लखांबास एरंडेल तेल लावण्याची पद्धत आहे. या प्रकारात खेळाडूचे अंग खांबावर सतत घसरते व वळते; तेल नसेल तर मांड्या, काखा व तळहात यांचे सालटे निघेल. तेथे घर्षण कमी करणे हितावह.

दोराच्या मल्लखांबावर व आडव्या बारवर तेल चालत नाही, कारण हात सुटला तर मुलगा खाली पडेल. तेथे हात कोरडा हवा. जिम्नॅस्टिक्सचे खेळाडू त्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हातास लावतात. शाळेतील फळ्यावरचा खडू निराळा. तो जिप्सम किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांचा असतो व या कामी येत नाही. ती विशिष्ट पूड नसल्यास स्वच्छ रुमालाने हात व बार पुसणे पुरेसे आहे. पूड असली तरी तिचा जाड थर देऊ नये. त्याने त्वचा फार कोरडी होऊन भेगाळते.

एका साधनास तेल व दुसऱ्यास कोरडेपणा, हा विरोध मुलांसमोर मांडून त्याचे कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. विज्ञानातील घर्षणाचा पाठ येथे सहज जोडता येतो.

४. घट्टा फाटल्यास काय करावे?

पुढील क्रम वर्गात एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा.

(१) व्यायाम तेथेच थांबवावा. ‘एवढी एक ओढ घेऊन उतरतो’ असे म्हणू देऊ नये.

(२) शुश्रूषा करणाऱ्याने आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत.

(३) जखम पिण्यास योग्य अशा पाण्याच्या धारेखाली धुवावी. भोवतालच्या त्वचेस साबण लावावा. नळ नसेल तर तांब्याने वरून संथ धार धरावी. भांड्यात हात बुडवून ठेवू नये, कारण मळ त्याच पाण्यात राहतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा प्रथमोपचारासाठी झाकणाचे एक भांडे भरून निराळे राखावे.

(४) रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर काही मिनिटे दाबून धरावी व हात उंच ठेवावा.

(५) लोंबणारे कातडे ओढून काढू नये. ओढल्याने चीर जिवंत त्वचेत शिरते. कातडे स्वच्छ असेल तर ते जखमेवर परत पसरून ठेवावे. नव्या त्वचेस ते काही दिवस पांघरूण म्हणून उपयोगी पडते. अडकून पुन्हा फाटेल अशी वाळलेली कड तेवढी, वीस मिनिटे उकळून निववलेल्या कात्रीने कापावी. कापताना दुखले तर ती त्वचा जिवंत आहे असे जाणून थांबावे.

(६) जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, वर निर्जंतुक जाळीदार पट्टी ठेवावी व चिकटपट्टीने किंवा बँडेजने बांधावे. पट्टी रोज, आणि भिजल्यास किंवा मळल्यास लगेच, बदलावी.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, असा समज घरोघरी आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा, उघड्या व वाळलेल्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने पसरते. खपली खाली नव्या पेशींना वाट काढावी लागते; ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. तळहाताच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की खपली मूठ मिटताच तडकते. म्हणून येथे झाकणेच श्रेयस्कर.

५. काय करू नये?

जखमेवर माती, राख, शेण, चुना, तंबाखू, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. हळदीविषयी घरी श्रद्धा असते व तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु स्वयंपाकघरातील डब्यातली हळद निर्जंतुक नसते, व तिचे कण ओल्या जखमेत अडकून राहतात. उघड्या जखमेत स्पिरिट ओतणे ही सहनशक्तीची परीक्षा ठरते. नव्या पेशींनाही त्याने इजा होते. पाण्याचा फोड आला असेल तर तो फोडू नये. वरचे कातडे शाबूत असेतो जंतूंस आत वाट मिळत नाही.

६. धनुर्वाताचा धोका

धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत व जनावरांच्या शेणात असतात. ती दीर्घकाळ तग धरून राहतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. त्यांच्या विषाने प्रथम जबडा आखडतो व पुढे सर्व स्नायू ताठ होतात. हा रोग प्राणघातक आहे, आणि तो लसीने टाळता येतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालवयातील मात्रांनंतर पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी लस दिली जाते. इयत्ता पाचवीचा वर्ग म्हणजे दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग. शिक्षकांनी त्यांची लसीकरणाची नोंद अवश्य पाहावी. ज्याच्या जखमेत माती किंवा शेण गेले असेल आणि ज्याच्या मागील मात्रेस पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल किंवा मात्रेची नोंदच नसेल, त्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मागील मात्रेस दहा वर्षे उलटली असतील तर जखम स्वच्छ असली तरीही पाठवावे.

७. दवाखान्यात केव्हा न्यावे?

जखमेभोवती लाली, सूज व ऊन वाढत जाणे, पू येणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, हातावरून कोपराकडे तांबडी रेघ चढणे, काखेत गाठ येणे, ताप येणे, बोट सरळ किंवा वाकडे करता न येणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांस दाखवावे. जखम खोल असल्यास किंवा दाबूनही रक्त न थांबल्यास तत्काळ न्यावे.

८. पुन्हा बारवर केव्हा चढावे?

उथळ जखम बहुधा आठवड्याच्या आसपास भरून येते. दिवस मोजण्यापेक्षा हात पाहावा. जागा नव्या त्वचेने पूर्ण झाकली गेली असेल, ओल नसेल आणि अंगठ्याने दाबून पाहता दुखत नसेल, तर हलक्या लोंबकळण्यास अनुज्ञा द्यावी. तोवर बैठका, धावणे, उड्या व पोटाचे व्यायाम चालू ठेवावेत. मुलास सर्वस्वी बसवून ठेवले, तर पुढील वेळी तो जखम सांगणार नाही.

९. प्रतिबंधक उपाय

(अ) हाताची निगा. आठवड्यातून एक-दोन वेळा स्नानानंतर, कातडे मऊ असताना, घट्ट्यावर वजरी हलक्या हाताने फिरवावी. घट्टा समूळ काढावयाचा नाही. तो भोवतालच्या त्वचेशी समतल ठेवावयाचा. बोट फिरवले असता कड लागू नये, ही त्याची कसोटी. ब्लेड किंवा चाकू कदापि वापरू नये. वजरी ज्याची त्याने वापरावी. रात्री निजताना खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातास चोळावेत, म्हणजे भेगा पडत नाहीत. व्यायामापूर्वी मात्र हात धुऊन कोरडे करावेत. नखे कापलेली असावीत.

(आ) पकड. बार आरंभीच बोटांच्या मुळाशी घ्यावा, तळहाताच्या मध्यावर नव्हे. मग बोटे मिटून अंगठा खालून वळवावा. लोंबकळताना झोके घेऊ नयेत. झोक्याने भार वाढतो व बार हातात फिरतो.

(इ) बारची स्थिती. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेतील आडव्या बारचा व्यास २८ मिलिमीटर असतो. शाळेतील मुलांच्या हातास जाड नळी झेपत नाही. बोटे व अंगठा एकमेकांस भेटतील एवढीच जाडी असावी. गंज, उखडलेला रंग व जोडावरील खरखर काचकागदाने घासून काढावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी लोखंड तापून हात पोळतो. त्या दिवसांत सकाळचीच वेळ ठेवावी.

(ई) व्यायामाचे मान. नव्या मुलाने प्रथम काही सेकंदच लोंबकळावे व मध्ये विश्रांती घ्यावी. स्नायू आठवड्यागणिक बळकट होतात, त्वचेसही तितकीच सवड हवी. हात गरम होऊन एका जागी झोंबू लागला, की तो इशारा मानून उतरावे. शेतात विळ्याचे किंवा फावड्याचे काम करून आलेल्या मुलास त्या दिवशी बारवरून सूट द्यावी. त्याच्या तळहाताने दिवसाचे काम केलेलेच असते.

१०. वर्गातील पाठ

पहिल्या तासिकेस आरंभ मुलांच्याच हातापासून करावा. पुढील संवाद नमुन्यादाखल दिला आहे.

गुरुजी : मुलांनो, लिहिण्याचा हात पुढे करा. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेराजवळ चाचपून पाहा. काय लागते?
विद्यार्थी : कठीण लागते, गुरुजी.
गुरुजी : ते कशाने झाले?
विद्यार्थी : पेन्सिलीने.
गुरुजी : म्हणजे घट्टा तुम्हा प्रत्येकाच्या हाती आहेच. आजीच्या हातावर तो कोठे आहे?
विद्यार्थिनी : माझ्या आजीच्या बोटांच्या मुळाशी आहे. ती विळ्याने तूर कापते.
गुरुजी : आजीचा घट्टा कधी फाटतो का?
विद्यार्थिनी : हिवाळ्यात भेगा पडतात. मग ती रात्री खोबरेल तेल लावते.
गुरुजी : छान. आजी जे करते, त्याचे कारण आज आपण शिकणार आहोत.

इतक्यात एखादा मुलगा मूठ मिटून बसलेला आढळेल. त्यास सर्वांसमोर दटावू नये व त्याची थट्टाही होऊ देऊ नये. “मूठ उघड पाहू, बाळ. सांगितलेस ते बरे केलेस,” एवढे म्हणून त्याच हाताची शुश्रूषा वर्गास दाखवावी. आज ज्याची जखम रागावून पाहिली, तो पुढची जखम दाखविणार नाही, आणि लपविलेली जखमच धोक्याची असते.

दुसऱ्या तासिकेत मैदानावर पकड व बारची तपासणी शिकवावी. त्यानंतर दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखांच्या तपासणीसोबत तळहातही पाहावेत. उंच कड, फोड, भेग व उघडी जखम या चार गोष्टी शोधाव्यात. प्रथमोपचार पेटीत साबण, जाळीदार पट्ट्या, बँडेज, चिकटपट्टी, पेट्रोलियम जेली व कात्री असल्याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी.

स्वाध्याय

(१) स्वतःच्या तळहाताची बाह्यरेषा वहीत काढा व घट्ट्यांच्या जागा खुणेने दाखवा. घरातील एका वडील माणसाच्या हाताचेही असेच चित्र काढा. कोणत्या कामाने कोणता घट्टा झाला, ते त्यांनाच विचारून लिहा.
(२) लाकडी मल्लखांबास तेल लावतात, पण आडव्या बारला लावत नाहीत. कारण सांगा.
(३) लोंबणारे कातडे ओढून का काढू नये?
(४) फाटलेल्या घट्ट्याच्या शुश्रूषेचा क्रम न पाहता लिहा.
(५) आपल्या लसीकरणाची नोंद घरी पाहा व धनुर्वाताची शेवटची मात्रा केव्हा मिळाली, ते वहीत टिपा.

शिक्षकांस सूचना

पहिल्या प्रश्नाची चित्रे तपासताना गुण देण्याची घाई करू नये. ज्या घरी विळा व फावडे चालते, त्या घरचा हात अशा चित्रातून प्रथमच पाठ्यविषय होतो. आईच्या हातावरील भेग चित्रात दाखविणारे मूल तिला पट्टी बांधण्याचेही शिकले असेल, तर पाठ सफल झाला असे समजावे.